अंतराळातल्या वस्त्या: मुलांना काय सांगायचं?

रोहिणी_नागपूर

नमस्कार मंडळी. मी नागपुरात आठवी-नववीला विज्ञान शिकवते. शाळेत वादसभा ठरली आहे आणि विषय मुलांनीच निवडलाय: 'माणसाने अंतराळात वस्ती करावी का?'

तयारी करून घेताना लक्षात आलं की मुलांसमोर दोन चित्रं आहेत. एक इलॉन मस्क यांचं: मंगळावर दहा लाख लोकांचं, स्वतःच्या पायावर उभं असलेलं शहर. दुसरं जेफ बेझोस यांनी 2019 साली मांडलेलं: अवकाशात फिरत्या महाकाय वसाहती, जड उद्योग तिकडे हलवायचे आणि पृथ्वी राहण्यापुरती ठेवायची. दोन्ही बाजूंनी बोलणारी मुलं हुशार आहेत. पण नववीतल्या एकाने मला विचारलं, "मॅडम, मंगळावर जायचंच आहे तर नागनदी कशाला साफ करायची?" टवाळी म्हणून विचारलं नव्हतं. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

माझं मत सांगते. संशोधन व्हावं, माणूस चंद्रावर-मंगळावर जावा, चांद्रयान-3 उतरलं तेव्हा मीही मुलांबरोबर टाळ्या पिटल्या. पण 'इथलं संपलं की तिकडे जाऊ' हा विचार तेराव्या-चौदाव्या वर्षी डोक्यात बसणं मला घातक वाटतं. तुम्ही काय सांगाल?

धरमपेठी

मे महिन्यात इथले 46 अंश सोसलेल्यांना मंगळाचे उणे 60 म्हणजे महाबळेश्वर. :)
वाचतोय. चांगला विषय.

कक्षाभ्रमण

रोहिणीताई, मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि वस्तीच्या बाजूचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बेझोस सांगतात ती कल्पना मुळात जेरार्ड ओ'नील यांची. प्रिन्स्टनचे भौतिकशास्त्रज्ञ. 1974 मध्ये त्यांनी लेख लिहिला आणि 1975 च्या उन्हाळ्यात नासाच्या एम्स केंद्राच्या पुढाकाराने अभ्यासगट बसला. त्यातून 'स्टॅनफर्ड टोरस'चा आराखडा निघाला: दहा हजार माणसांसाठी एक पोकळ कडं, मिनिटाला एक फेरा घेणारं, म्हणजे आतल्या माणसाला जवळपास पृथ्वीइतकंच वजन जाणवेल. व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. लोणारच्या विवराच्या काठावर उभं राहून समोरचा काठ पाहिला असेल, तर अंतर साधारण तेवढंच. मी गेल्या हिवाळ्यात तिथे उभा होतो आणि पूर्ण वेळ हेच डोक्यात होतं की एवढं गाव आभाळात फिरतंय.

ओ'नील यांना पृथ्वी टाकून जायचं नव्हतं. तो काळ आठवा: वाढीला मर्यादा आहेत असं सांगणारा क्लब ऑफ रोमचा अहवाल 1972 चा, तेलसंकट 1973 चं. त्यांचं म्हणणं असं की ऊर्जा आणि कारखाने वर न्या. तिथे ऊन चोवीस तास आहे, माल चंद्रावरून आणता येतो. खाली जंगल-नद्यांना श्वास घेऊ द्या. मी औष्णिक वीज केंद्राच्या राखेत वाढलोय. दोरीवर वाळत घातलेली पांढरी चादर संध्याकाळी करडी व्हायची. ही राख आपल्या छातीत जाऊ नये असं वाटणं म्हणजे पळून जाणं कसं?

त्या मुलाला एवढंच सांगा की नदी साफ करायचीच आहे, आणि वस्ती हा त्याचाच मोठा आराखडा आहे.

मातीवाला

कक्षाभ्रमण, तुझी तळमळ पोचली. आता म्हाताऱ्याचं ऐक. मी आयुष्यभर मातीचं काम केलंय, तेवढ्याच अधिकाराने लिहितो.

चंद्रावर आपल्याला जे काळसर डाग दिसतात ती बेसॉल्टची मैदानं. आपली सीताबर्डीची टेकडी पण बेसॉल्टचीच. दगड एकाच जातीचा. तिकडचा बहुतेक तीनशे कोटी वर्षांहून जुना, आपला दख्खनचा साडेसहा कोटींच्या आसपास. तिकडे तो नुसता फुटून भुकटी झाला. इकडे त्याची काळी कसदार जमीन झाली, जिच्यावर कापूस, तूर आणि संत्री उभी आहेत. फरक कशाने पडला? पाऊस पडला, हवा लागली, जिवाणू आले, मुळं शिरली, गांडुळं फिरली, आणि हे हजारो वर्षं चाललं. माती म्हणजे दगडावर जीवांनी केलेलं काम. जिथे जीव नाही तिथे माती नाही, भुकटी आहे.

2022 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्राच्या भुकटीत पहिल्यांदा रोपं वाढवली. उगवली, ही मोठीच गोष्ट. पण खुरटी, ताणाखालची. पाणी आणि पोषकद्रव्यं वरून द्यावी लागली. मंगळाची गत वेगळी. फिनिक्स यानाला 2008 मध्ये तिथल्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार सापडले. हे थायरॉईडला घातक. पाण्याने धुता येतात, पण मग एवढं पाणी आणा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं उदाहरण पृथ्वीवरचंच आहे. अ‍ॅरिझोनात बायोस्फियर 2 नावाचं काचेचं बंदिस्त जग उभारलं होतं, सव्वा हेक्टरचं. आत शेत, छोटं जंगल, छोटा समुद्र. 1991 ते 1993 आठ माणसं दोन वर्षं आत राहिली. काही महिन्यांतच प्राणवायू घसरू लागला. 20.9 टक्क्यांवरून सुमारे साडेचौदापर्यंत आला. माणसं जिना चढताना धापा टाकू लागली. शेवटी बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. कारण काय निघालं? शेतात सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेली माती घातली होती. तिच्यातल्या जिवाणूंनी प्राणवायू खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडला. झाडं तो परत फिरवतील असा हिशेब होता, पण बराचसा भिंतींच्या काँक्रीटनेच शोषून घेतला. त्याची चुनखडी होऊन बसली. म्हणजे प्राणवायू भिंतीत जाऊन अडकला! परागीभवन करणारे कीटक मेले, झुरळं-मुंग्या मात्र माजल्या.

उत्तम पैसा, उत्तम डोकी, बाहेर अ‍ॅरिझोनाचं फुकट ऊन आणि हाकेच्या अंतरावर मदत. तरी आठ माणसांची हवा दोन वर्षं सांभाळता आली नाही. दहा लाखांच्या शहराआधी हे गणित सोडवा, मग मी स्वतः बियाणं निवडून देतो.

पराटी_यवतमाळ

मातीवाले काका, जोरदार लिहिलं.

राजेहो, चंद्रावर पयलं झाड कोन्तं उगवलं मालूम हाये का कोनाले? पराटी, म्हंजे आपला कापूस! चीनचं चांग-ई 4 यान जानेवारी 2019 मदे चंद्राच्या मांगच्या बाजूले उतरलं. त्याच्यात एका बंद डब्यात माती, पानी अन् सरकी ठेवली होती. कोंब निंगाला. फोटो पायला तवा मी धुऱ्यावर बसलो होतो, बापाले दाखवला. बाप म्हने, "चांगला कोंब हाये, पन एकटाच हाये." मंग तिथची रात झाली. तिथची रात आपल्या चौदा दिवसाची. डब्यातली गरमी गेली अन् पराटी मेली.

मले त्या सायंटिस्ट लोकांचा राग नाई. आपलं पीक तिथं गेलं ह्याचा आनंदच. पन इथं उघड्या आभाळाखाली, जमीन फुकटची, हवा फुकटची, तरी पावसानं वीस दिवस ताण देल्ला का पीक हातचं जाते. तिथं त आभाळच डब्यात भरून न्या लागते. जेवढं डोकं त्या डब्यात घालून राहिले त्याच्या अर्धं जर कोरडवाहूत घातलं त कास्तकाराचं भलं होईन, एवढंच मनतो.

कक्षाभ्रमण

पराटी भाऊ, पटतंय, पण 'अर्धं डोकं' इकडे नाहीच असं नाही. आपल्या अमरावती रोडवर इस्रोचं प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून पीक, भूजल, पडीक जमीन यांचे नकाशे होतात ते अशाच केंद्रांतून. आणि पैशाचं म्हणाल तर 2024-25 मध्ये अंतराळ विभागाची तरतूद सुमारे 13 हजार कोटींची, केंद्राच्या 48 लाख कोटींच्या अर्थसंकल्पात. अवकाश बंद करून शेती वाचेल असं या आकड्यांवरून तरी दिसत नाही.

मातीवाले काका, बायोस्फियर 2 मान्य. पण तो अपयशी प्रयोग म्हणून सोडून देऊ नका. काँक्रीट हवेशी असं वागेल हे त्या प्रयोगामुळेच ठळकपणे कळलं. बीजिंगच्या 'लुनार पॅलेस 1' मध्ये 2017-18 ला विद्यार्थी आळीपाळीने मिळून 370 दिवस राहिले, आणि तिथे हवा टिकली.

मातीवाला

टिकली, बरोबर. पण ती यंत्रांच्या आणि माणसांच्या सततच्या देखरेखीखाली टिकली. माझा मुद्दा अपयशाचा नाहीच. जे ज्ञान तिथे लागणार आहे ते इथेच अजून अपुरं आहे.

सिंदेवाहीकर

वर सगळे 'तिकडे' काय होईल ते बोलताय. मी 'इकडे' काय पडलं ते सांगतो.

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आभाळातून पेटते गोळे रांगेने गेले. नागपुरात गच्च्यांवरून लोकांनी व्हिडिओ काढले, उल्का म्हणाले. त्याच रात्री आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं पडलं. व्यास तीन मीटरच्या आसपास. जवळच्या पवनपारला गोळा सापडला, वर काळे धागे गुंडाळल्यासारखे. मी ते कडं पोलीस ठाण्यात पाहिलं. हात लावला तर एका बाजूला काठ सुरीसारखा होता. ते चिनी रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष असल्याचं जाणकारांनी सांगितलं. कोणी मेलं नाही हे नशीब. गावात घरं आहेत, जनावरं आहेत.

आता वस्ती करायची तर हजारो उड्डाणं. 1972 चा दायित्वाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, उडवणाऱ्या देशाने नुकसानभरपाई द्यायची. 1978 मध्ये सोव्हिएत उपग्रह अणुभट्टीसकट कॅनडात पडला तेव्हा तीस लाख कॅनेडियन डॉलर वसूलही झाले. पण लाडबोरीच्या माणसाने कुठल्या दारात जायचं? त्याला न विचारता त्याचं छप्पर या खेळात घेतलं गेलंय. टिकाऊपणाची चर्चा करताना हाही हिशेब धरा.

धरमपेठी

मीही तो व्हिडिओ काढला होता. खालून इतकं सुंदर दिसत होतं, आणि पुढे हे.

डॉक्टर_मेडिकल_चौक

वैद्यकीय बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो.

क्युरिऑसिटी रोव्हर मंगळाकडे जाताना किरणोत्सार मोजत गेला. त्यावरून जाण्या-येण्याच्या प्रवासातच माणसाला साधारण 660 मिलिसिव्हर्ट (हे किरणोत्साराच्या मात्रेचं माप) बसतील असा अंदाज निघाला. आपल्याला पृथ्वीवर नैसर्गिकरीत्या वर्षाला सरासरी 2.4 मिळतात. म्हणजे पावणेतीनशे वर्षांची मात्रा एका प्रवासात. भारहीनतेत कमरेच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का उतरते. रोजचा व्यायाम ती बरीच रोखतो, पूर्ण थांबवत नाही.

हे प्रौढ, निवडक, ठणठणीत माणसांचं झालं. वस्ती म्हणजे मुलं होणार. आजवर एकही मानवी गर्भ अवकाशात वाढलेला नाही. मंगळाचं गुरुत्वाकर्षण आपल्या 38 टक्के. त्यात बाळाचा पाठीचा कणा, हृदय, कानातला तोल कसा घडेल याची आपल्याकडे माहितीच नाही, आणि ती मिळवण्याचा नैतिक मार्गही सहज दिसत नाही. जाणारा स्वतः सही करून जाईल. तिथे जन्मणाऱ्याची सही कोण करणार? रोहिणीताई, वादसभेत हा प्रश्न मुलांसमोर जरूर ठेवा. चौदा वर्षांच्या मुलांना हा प्रश्न मोठ्यांपेक्षा लवकर कळतो असा माझा अनुभव आहे.

सावजी_प्रेमी

जरा अवांतर. 2025 मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा मूग आणि मेथीला मोड आणण्याचा प्रयोग केला. मोड आले! मेथी वर पोचली म्हणजे भाजीचा प्रश्न सुटला. आता झणझणीत रस्सा तेवढा कोणीतरी वर नेऊन द्या.

धरमपेठी

भारहीनतेत तर्री वर येत नाही म्हणे. मग काय अर्थ आहे जाण्यात?

जुना_वाचक

रश्श्यावरून मूळ विषयाकडे.

हा वाद नवा नाही. जुलै 1969 मध्ये अपोलो 11 सुटण्याच्या आदल्या दिवशी अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीचे नेते रेव्हरंड राल्फ अ‍ॅबरनथी गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्या घेऊन प्रक्षेपण केंद्रापाशी गेले. देशात लोक उपाशी असताना हा खर्च कशाला, हा त्यांचा प्रश्न. नासाचे प्रमुख थॉमस पेन बाहेर येऊन त्यांना भेटले. ते म्हणाले की उद्या बटण न दाबल्याने गरिबी मिटणार असेल तर आम्ही दाबणार नाही. अ‍ॅबरनथींनी अंतराळवीरांसाठी प्रार्थना केली. दोघंही एकमेकांशी माणसासारखे बोलले, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे विक्रम साराभाईंनी तर स्पष्ट सांगितलं होतं: चंद्र, ग्रह किंवा समानव उड्डाण यांत श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याचं स्वप्न आपण बाळगत नाही. प्रगत तंत्रज्ञान माणसांच्या आणि समाजाच्या खऱ्या प्रश्नांना लावण्यात मात्र आपण कोणाच्या मागे राहता कामा नये. 1975-76 मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या 2400 खेड्यांत दूरदर्शन पोचलं ते या विचारातून. आता आपण 2035 पर्यंत स्वतःचं स्थानक आणि 2040 पर्यंत चंद्रावर भारतीय अशी उद्दिष्टं ठेवली आहेत. साराभाईंचा दंडक आपण कधी आणि का बाजूला ठेवला, याची उघड चर्चा झालेली मला आठवत नाही. व्हायला हवी होती.

कक्षाभ्रमण

काका, साराभाई 1960 च्या दशकात बोलत होते, तेव्हा आपण लहान साउंडिंग रॉकेट उडवत होतो. मंगळयान 450 कोटींत झालं. आज ते असते तर तेच म्हणाले असते असं का धरायचं?

जुना_वाचक

ते काय म्हणाले असते हे तुलाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. पण दंडक बदलायचा तर लोकांसमोर बदलावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

कोर्टरोड

वकील म्हणून एक मुद्दा. 1967 च्या बाह्य अवकाश करारानुसार कोणत्याही देशाला चंद्रावर वा ग्रहावर मालकी सांगता येत नाही. पण 2015 मध्ये अमेरिकेने कायदा करून आपल्या नागरिकांना तिथून काढलेल्या खनिजांवर हक्क दिला. जमीन कोणाची नाही, पण खणून काढलेलं खणणाऱ्याचं, असा अर्थ. भारताने जून 2023 मध्ये ज्या आर्टेमिस करारावर (चंद्रमोहिमांसाठी अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या) सही केली त्याचाही कल तिकडेच आहे.

मला त्याहून मोठी भीती वाटते ती वस्तीतल्या कामगाराची. इथे मालकाशी पटलं नाही तर माणूस नोकरी सोडून गावी जातो. तिथे घर मालकाचं, पाणी मालकाचं, श्वासही मालकाच्या यंत्रातला, आणि मंगळावरून परत निघायची सोयीची वेळ 26 महिन्यांनी एकदा येणार. संप कसा करायचा? ज्या वस्तीत राजीनामा देता येत नाही ती वस्ती कितीही हिरवी असली तरी मी तिला टिकाऊ म्हणणार नाही.

पाणीवाली

उशिरा आले, पण रोहिणी, तुझ्या त्या नववीतल्या मुलाला उत्तर द्यावंसं वाटलं. मी सांडपाण्यावर काम करते.

अंतराळ स्थानकावर 2023 मध्ये 98 टक्के पाणी परत मिळवण्याचा टप्पा गाठला. घाम, श्वासातली वाफ, लघवी, सगळं. शेवटचे टक्के फार अवघड होते. लघवी शुद्ध करून उरलेल्या खारट द्रवातूनसुद्धा पाणी काढावं लागलं. तिथे कोणी याला घाण म्हणत नाही, कारण दुसरं पाणीच नाही.

आता नागपूर. आपलं पिण्याचं पाणी बरंचसं पेंचहून येतं, वापरलं की सांडपाणी होतं. त्यातला मोठा भाग भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध होऊन वीज केंद्रांना थंडाव्यासाठी जातो. तेवढं धरणाचं ताजं पाणी वाचतं. देशात इतक्या मोठ्या प्रमाणावर हे करणाऱ्या पहिल्या शहरांत आपण आहोत आणि नागपूरकरांना ते माहीतही नाही. उरलेलं न शुद्ध केलेलं नदीत जातं, आणि नागनदी पुढे कन्हानला, कन्हान वैनगंगेला मिळते. भंडाऱ्याकडच्या गोसीखुर्दच्या जलाशयात आपलं सांडपाणी पोचतं.

म्हणून त्याला सांग: मंगळावर जायचं असेल तर नागनदी साफ करायला शिकावंच लागेल. तिथे प्रत्येक थेंब फिरवण्याचं जे कसब लागेल, ते इथे या नदीवरच शिकता येतं. इथे चुकलं तर पेंच आहे. तिथे चुकलं तर काही नाही. ज्याला अंतराळात जायचंय त्याने आधी माझ्याबरोबर एक दिवस एअरेशन टँकच्या काठावर उभं राहावं. तपकिरी फेसाळ पाणी, त्यात हवेचे बुडबुडे, आणि जिवाणू आपलं काम करतायत. वास येतो. तासाभराने येत नाही.

पराटी_यवतमाळ

ताई, हे बेस. हाव ना, असं समजावून सांगा त पोरगं ऐकते.

रोहिणी_नागपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. पाणीवाली, तुझा प्रतिसाद मी त्या मुलाला जसाच्या तसा वाचायला दिला. त्याने दोनदा वाचला आणि विचारलं, "मग अंतराळातली सगळी यंत्रं आधी इथे का लावत नाहीत?" वर्गात यावर तास गेला. वादसभेचा विषयही मुलांनी बदलून घेतला: 'अंतराळात वस्ती करण्याआधी माणसाने काय सिद्ध करावं?' डॉक्टरसाहेबांचा सहीचा प्रश्न आणि कोर्टरोड यांचा राजीनाम्याचा, दोन्ही घेतले आहेत. माझं मत थोडं सरकलंय: स्वप्नाला विरोध नाही, 'मग इथलं राहू दे' याला आहे.

मातीवाले काका, वर्गात करता येईल असा बंद जगाचा एखादा प्रयोग सुचवा ना.

मातीवाला

सोपा आहे. मोठ्या तोंडाच्या दोन काचेच्या बरण्या घ्या. एकीत शेतातली साधी माती आणि एक रोप. दुसरीत तसंच रोप, पण मातीत भरपूर कुजलेलं शेणखत. दोन्हींत चुन्याच्या निवळीची उघडी वाटी ठेवून झाकणं मेणाने बंद करा आणि खिडकीत ठेवा, कडक उन्हात नको. कार्बन डायऑक्साइडने निवळी दुधाळ होते, म्हणून दुसरीतली लवकर आणि जास्त दुधाळ होईल. बायोस्फियरची माती आणि भिंत दोन्ही त्या बरणीत दिसतील. मुलांना रोज वेळ लिहून नोंद ठेवू द्या.

कक्षाभ्रमण

काका, मीही खोलीवर करून बघतो. पण एक सांगा, निव्वळ प्राणवायू आणि पाण्याचंच का बोलतोय आपण? नत्राचं काय? टोरसच्या आराखड्यात हवेचा दाब पृथ्वीच्या निम्माच धरला होता. नत्र चंद्रावर जवळपास नाही आणि पृथ्वीवरून न्यावं लागेल, हे त्यामागचं मोठं कारण. मंगळाच्या हवेत ते तीन टक्क्यांहूनही कमी, आणि हवाच मुळात आपल्या एक टक्क्याहून विरळ. पिकाला तर नत्र लागणारच.

मातीवाला

आत्ता खरा प्रश्न विचारलास. तूर-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र पकडतात, पण पकडायला आधी हवेत ते हवं. पिकाने उचललेलं नत्र खाण्यातून आपल्यात येतं आणि लघवीतून बाहेर जातं. पाणीवालीच्या टाकीत ते शेवटी वायू होऊन हवेत उडतं. इथे चालतं, वस्तीत ते पकडून परत शेताला द्यावं लागेल. दहा हजार माणसांचा हिशेब मांडून बघ, मी तूर-हरभऱ्याचे आकडे काढून देतो. शनिवारपर्यंत टाक.